रोजचीच वाट

आयुष्य हा एक प्रवास आहे, हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता ते कानावर पडलं की मान आपोआप डोलते आणि डोकं तिथल्या तिथे झोपी जातं. प्रवास म्हटलं की कुठून तरी निघायचं, कुठे तरी पोचायचं, मधे घाट, बोगदे, सहप्रवासी, आणि शेवटी मुक्काम. चित्र छानच आहे, तक्रार नाही. पण मी माझ्या स्वतःच्या चालण्याचा हिशोब मांडायला बसले की हे चित्र काही केल्या जुळत नाही. कारण आजवर जेवढं चाललेय त्यातलं बहुतेक सगळं त्याच त्या दोन-चार वाटांवर चाललेय. घर ते शाळा, घर ते बसस्टॉप, घर ते ऑफिस, आणि आता गेली कित्येक वर्षं घरामागून निघून पुलापर्यंत जाणारी आणि तिथून वळून परत येणारी ही सकाळची वाट. नवीन जागी नेणारी पावलं एकूणात फार थोडी निघतील. बाकी सगळ्या फेऱ्याच.

मग साहजिकच मनात येतं की एवढ्या फेऱ्या मारून आपण पोचलो कुठे? हा प्रश्न मला बरीच वर्षं बोचायचा. मैत्रिणी डोंगर चढतात, लांबलांबचे देश बघून येतात, फोटो टाकतात, आणि मी आपली तीच लांबलचक भिंत, तोच उतार, तेच एकटं मोठं झाड आणि तोच पूल. कोणी विचारतंही, तुला बोअर नाही का गं होत? हल्ली त्या प्रश्नाची धार गेलीय. ती का गेली हे जरा नीट लिहून बघावं म्हणून बसलेय. मनाची समजूत घातलीय असा प्रकार नाहीये, निदान मला तरी तसं वाटत नाही, तुम्ही वाचून ठरवा.

चार्ल्स डार्विनचंच बघा ना. १८३१ च्या अखेरीस, बावीस वर्षांचा असताना, तो बीगल जहाजावर चढला आणि जवळजवळ पाच वर्षं जगाला वळसा घालून १८३६ मधे परत आला. प्रवास म्हणावा तर असा. पण त्यानंतर हा माणूस ब्रिटन सोडून पुन्हा कधी बाहेर पडलाच नाही. १८४२ मधे केंटमधल्या डाऊन नावाच्या छोट्या गावात राहायला गेला तो १८८२ मधे मरेपर्यंत तिथेच, म्हणजे चाळीस वर्षं. तिथे त्याने १८४६ मधे शेजारच्या जमीनदाराकडून जमिनीचा एक चिंचोळा पट्टा भाड्याने घेतला, झाडं लावली, वाळू आणि खडी टाकून एक फेरीची पायवाट करून घेतली आणि मग रोज तिच्यावर चकरा. सँडवॉक म्हणतात त्या वाटेला, आजही आहे ती. एक फेरी जेमतेम पाव मैलाची, म्हणजे चारशे मीटर. त्याच्या मुलाने, फ्रान्सिसने, लिहून ठेवलंय की बाबा फेऱ्या मोजण्यासाठी वाटेत गारगोट्यांचा छोटा ढीग ठेवायचे आणि प्रत्येक फेरीला त्यातली एक पायाने उडवायचे. मला हे फार आवडतं. मोजायचं तर आहे पण मोजण्यासाठी विचार थांबवायचा नाहीये, मग मोजायचं काम सरळ पायाकडेच देऊन टाकलं.

फ्रान्सिसने आणखी एक किस्सा सांगितलाय. बाबा एकटे असले की मधेच थबकून उभे राहायचे, पक्षी-प्राणी बघायला, आणि एकदा ते इतके निश्चल उभे होते की खारीची पिल्लं त्यांच्या पायांवरून चढून पाठीवर गेली आणि झाडावर बसलेली आई जीव तोडून ओरडत राहिली. आता विचार करा, ही पाच वर्षं जगभर फिरलेल्या माणसाची गोष्ट आहे, आणि पिल्लं चढली ती घराजवळच्या रानात.

पण मला सगळ्यात जास्त थक्क करतो तो त्याचा खडूचा प्रयोग. घराजवळच्या एका शेताच्या तुकड्यावर त्याने २० डिसेंबर १८४२ ला खडूच्या दगडाचा चुरा पसरून ठेवला. बघायचं एवढंच होतं की गांडुळं खालची माती वर आणून आणून तो चुरा किती खोल गाडतात. आणि चर खणून तपासलं कधी, तर १८७१ च्या नोव्हेंबरमधे. एकोणतीस वर्षांनी! पांढऱ्या खड्यांची ओळ सात इंच खाली गेलेली होती. आता हा प्रयोग कोण करू शकतं? ज्याला खात्री आहे की एकोणतीस वर्षांनीसुद्धा आपण याच शेताच्या कडेने जात-येत असू, तोच. बीगलवर बसून असा प्रयोग करता येत नाही, कितीही हुशार असलात तरी. त्याचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला १८५९ मधे. मूळ कल्पना तोवर वीसेक वर्षं जुनी झाली होती, ती काही या वाटेवर सुचलेली नाही, पण तिला घोळवणं, तिच्यातल्या खोटी शोधणं, विरोधकांच्या आधी आपणच आपल्याला विरोध करून बघणं, हे सगळं चाललं ते या चारशे मीटरांच्या आसपास. त्याच्या प्रवासाबद्दल सगळे भरभरून बोलतात, गॅलापागोस बेटं काय आणि तिथली कासवं काय, या चाळीस वर्षांच्या चकरांना मात्र एखादं वाक्य मिळतं. मला हे जरा अन्यायाचंच वाटतं.

बरं, आता वाट ओळखीची होते म्हणजे नक्की काय होतं? हे शोधायला लागलं की उंदरांपाशी जावं लागतं. १९७१ मधे जॉन ओ'कीफ यांनी दाखवलं की उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात अशा पेशी असतात ज्या फक्त एका ठरावीक जागी आल्यावरच पेटतात. या कोपऱ्यात आला की ही पेशी, त्या कोपऱ्यात गेला की ती. म्हणजे बाहेरच्या जागेचा नकाशा आत पेशीपेशीत मांडलेला. पुढे २००५ मधे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना शेजारच्या भागात अंतराची जाळी आखणाऱ्या पेशी सापडल्या आणि २०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळून मिळालं. इथवर पाठ्यपुस्तकात येतं. त्याच्या पुढची गोष्ट जास्त गोड आहे. उंदीर दिवसा एखाद्या वाटेवरून पळाला की रात्री झोपेत त्याच पेशी पुन्हा पेटतात, आणि दिवसभरापेक्षा कितीतरी भरभर. जागेपणीसुद्धा, पळून झाल्यावर जरा थांबला की क्षणभरात आख्खी वाट आतल्या आत पुन्हा चालून होते, आणि तीसुद्धा उलटी, शेवटाकडून सुरुवातीकडे. २००६ मधे हे पहिल्यांदा नीट दिसलं. थोडक्यात काय, उंदीर एकदा चालतो आणि त्याचा मेंदू तीच वाट पुन्हा पुन्हा चालत बसतो. आपलं वेगळं काय असणार. मी पुलावरून वळून घरी येते, चहा पिते, कामाला लागते, आणि आत कुठे तरी कोणी तरी अजून त्याच उताराने खाली चाललेलं असतं.

तर अशी वाट आत पक्की झाली की मग ती चालायला डोकं लागत नाही. पायाखालची वाट झाली असं आपण म्हणतो ते हेच. कुठे वळायचं, कुठे दगड वर आलाय, कुठे पावसात घसरतं, हे सगळं पाय बघून घेतात आणि डोकं मोकळं. लोकांना वाटतं फिरायला गेल्यावर छान सुचतं ते निसर्गामुळे, हिरवळीमुळे. २०१४ मधे स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी हे तपासलं होतं. लोकांना बसवून आणि चालवून, एखाद्या वस्तूचे वेगवेगळे उपयोग सुचवायला सांगायचे. चालणाऱ्यांना सरासरी साठ टक्के जास्त सुचलं. आणि गंमत म्हणजे त्यात ट्रेडमिलवर कोऱ्या भिंतीकडे तोंड करून चालणारेही होते, त्यांनाही सुचलं. म्हणजे देखावा हा बोनस. मुख्य काम पावलांचं. माझ्यासारखीला हा मोठाच दिलासा आहे कारण माझ्या वाटेवर निम्मा वेळ शेजारी भिंतच असते.

पण याची किंमत मोजावी लागते हेही खरंच आहे. जे पाठ झालं ते दिसेनासं होतं. भिंतीला टेकून एक लाकडी बाक असायचा, पुढे तो तिथून गेला, आणि नक्की कधी गेला हे मला आजही सांगता येणार नाही. रोज त्याच्या समोरून जात होते तरी. आतल्या नकाशात बाक आहे म्हटल्यावर डोळ्यांनी पुन्हा तपासायचे कष्ट कशाला घ्यायचे, असा काही तरी कारभार असणार. आणि हे फक्त बाकाचं नाही. घरातल्या माणसांचंही असंच होतं ना. रोज समोर असतात म्हणून आपण आतल्या जुन्या नकाशावरच त्यांच्याशी बोलत राहतो, आणि मग एक दिवस कोणी पाहुणा येऊन म्हणतो, बाबा बरेच थकलेत हो, आणि आपण चमकून बघतो. त्यामुळे रोजच्या वाटेचं मी फार कौतुक करतेय असं समजू नका, तिची ही बाजू मला चांगलीच माहितेय.

मधे लहानपणीच्या शाळेच्या रस्त्याने जाण्याचा योग आला. हा अनुभव तुमच्यापैकी बहुतेकांना असेलच. केवढा लांब होता तो रस्ता! दप्तर घेऊन जाताना संपता संपायचा नाही, मधे तो भला मोठा चढ, त्यानंतर ते भीती वाटायचं वळण. आणि आता गेले तर चढ म्हणजे नुसता उंचवटा, आणि वळण संपून शाळेचं फाटक आलंसुद्धा. कोणीतरी रस्ता आवळून ठेवलाय असं वाटलं. तेव्हा मला त्या वाळवंटातल्या मुंग्या आठवल्या.

कॅटाग्लिफिस नावाच्या या मुंग्या अन्न शोधत वारूळापासून लांब जातात आणि मग सरळ रेषेत घरी परततात. तापलेल्या वाळूत वासाची खूण टिकत नाही, मग अंतर कसं कळतं? २००६ मधे काही संशोधकांनी एक अफलातून प्रयोग केला. मुंग्या अन्नापर्यंत पोचल्यावर काहींच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय लांब केले, म्हणजे चक्क मुंग्यांना काठ्यांवर चढवलं, आणि काहींचे पाय खुडून तोकडे केले (हे वाचताना मलाही कसंसंच झालं होतं). घर दहा मीटरवर होतं. लांब पायांच्या मुंग्या घर मागे टाकून साधारण पंधरा मीटरपर्यंत गेल्या आणि तिथे वारूळ शोधत बसल्या. तोकड्या पायांच्या सहा मीटरच्या आतच थांबून शोधायला लागल्या. म्हणजे मुंगी पावलं मोजते, किंवा मोजल्यासारखं काही तरी करते, आणि पावलांची लांबी बदलली की हिशोब चुकतो.

शाळेच्या रस्त्यावर माझं तेच झालं. मी तो रस्ता छोट्या पायांनी मोजून आत ठेवला होता आणि परतले ती लांब पायांनी. फाटक मागे टाकून पुढे कुठे तरी शाळा शोधत उभी राहिले नाही एवढंच. पण त्या प्रयोगाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. त्याच बदललेल्या मुंग्यांना पुढे वारूळातून पुन्हा बाहेर सोडलं, म्हणजे जातानाही तेच पाय आणि येतानाही तेच, तेव्हा त्या बरोब्बर घरी पोचल्या. लांब पायांच्याही आणि तोकड्याही. ज्यांनी जायचं आणि यायचं अंतर एकाच पायांनी मोजलं त्यांचं काहीच बिघडलं नाही. गावातच राहिलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीला मी म्हटलं, अगं रस्ता किती छोटा वाटतो ना आता, तर ती म्हणाली, कुठे काय, आहे तेवढाच आहे की. तिचे पाय रोज त्या रस्त्यावर वाढले होते. तिचं मोजमाप पायांबरोबर रोज थोडं थोडं सरकत गेलं असणार, तिला कळलंही नसेल. धक्का बसतो तो मधली वर्षं गाळणाऱ्याला.

अंतराचं जसं हे होतं तसंच वेळेचंही. जाताना लांब वाटलेली वाट येताना छोटी वाटते, हा अनुभव तर सगळ्यांचाच. आपण म्हणतो ओळखीची झाली ना वाट, म्हणून. मीही हेच समजत होते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०११ मधे यावर काम केलं तेव्हा त्यांनी काही लोकांना परतताना वेगळ्याच, पण तेवढ्याच लांबीच्या रस्त्याने पाठवलं. तरी परतीचा रस्ता छोटाच वाटला! म्हणजे ओळख हे मुख्य कारण नाही. त्यांचं म्हणणं असं की जाताना आपण उगाच कमी वेळ धरून निघतो, मग प्रत्यक्षात तो जास्त वाटतो, आणि येताना आपण शहाणे होऊन जास्त धरतो, मग तो कमी वाटतो. हे वाचल्यावर मी बराच वेळ विचार करत होते. चाळिशी कशी भुर्रकन गेली असं सगळेच म्हणतात आणि विशीतलं एकेक वर्ष मात्र केवढं लांबलचक होतं. विशीत वाटायचं की वर्षभरात सगळं होईल, नोकरी, नाव, प्रेम, सगळं, आणि होत काहीच नसायचं, मग वर्ष संपतच नसे. आता वर्षाकडून माझी अपेक्षा एवढीच की सगळे धडधाकट राहावेत. म्हणूनच तर ते लवकर संपत असेल का? हे माझं आपलं तर्कट आहे, संशोधकांच्या माथी मारू नका.

वाटेवर वय कळतं ते मात्र वेगातून. धडधाकट माणूस सहज चालतो तेव्हा सेकंदाला साधारण १.३ ते १.४ मीटर जातो, म्हणजे तासाला पाच किलोमीटर धरा. माझे बाबा पूर्वी माझ्या पुढे असायचे. मागे वळून म्हणायचे, चला चला, पाय उचला. मग काही वर्षं आम्ही बरोबरीने चाललो, आणि त्या वर्षांत कोणालाच काही जाणवलं नाही. आणि मग कधी तरी मी अर्ध्या वाटेत मागे वळून त्यांची वाट बघायला लागले. २०११ मधेच अमेरिकेत पासष्टीच्या वरच्या चौतीस हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र करून असं दिसलं होतं की चालण्याचा वेग बघून माणूस पुढे किती जगेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. सेकंदाला एक मीटर किंवा त्याहून जास्त चालणारे त्यांच्या वयाच्या मानाने जास्त जगलेले दिसले. त्यात नवल नाही म्हणा, चालायला हृदय, फुप्फुसं, सांधे, नसा, डोळे, तोल, सगळंच एकदम लागतं, त्यातलं काहीही कुरकुरलं की वेग पडतो. पण हे माहीत असणं काही फार सुखाचं नाही. बाबा उतारावरून येताना दिसले की तो आकडा डोक्यात येतो आणि मी त्याला हाकलून देते. त्यांना एकदा सांगितलं तर म्हणाले, अगं मग मी दोन पावलं पळत टाकतो, वाढेल आयुष्य.

ओळखीचे एक काका रोज याच वाटेवर यायचे. विसरायला लागले होते, आधी नावं, मग वार, मग कोणाशी काय बोलणं झालं ते. अल्झायमरमधे मेंदूचा जो भाग लवकर पोखरला जातो तो मोझर मंडळींना जिथे जाळीच्या पेशी सापडल्या तोच, आणि हिप्पोकॅम्पस. म्हणून या आजारात माणसं वाट चुकतात, आणि सुरुवातीलाच. नवीन जागा आधी हातची जाते, ओळखीच्या वाटा बऱ्याचदा जरा जास्त टिकतात, आणि मग एक दिवस त्याही. काका मला ताई म्हणायचे, मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण मी कधी दुरुस्त केलं नाही. पुलापाशी आले की मात्र बरोबर डावीकडे वळून कठड्याला हात लावायचे आणि परत फिरायचे. पुढे पुढे त्यांच्याबरोबर कोणी तरी असायचं. कठड्याला हात लावायचा हे त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

आणि वाट तरी कुठे कायमची असते. आमची ही वाट कोणी आखलेली नाही, खरा रस्ता लांबून वळसा घालून जातो, लोकांनी गवतातून तिरकं जाऊन जाऊन ही पाडली. असंच होतं सगळीकडे. एक जण जातो, गवत लवतं. मागचा बघतो की इथून कोणी तरी गेलंय, तोही तिथूनच जातो. माती दबते, दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, बी रुजत नाही, मग वाट आणखी उघडी पडते आणि आणखी लोकांना बोलावते. डर्क हेलबिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मधे हे सगळं गणितात बसवून दाखवलं होतं. त्यातून दिसलं असं की अशा वाटा सगळ्यांत जवळच्या नसतात आणि सगळ्यांत सोप्याही नसतात, जाणाऱ्या सगळ्यांच्या गरजांमधे थोडी थोडी तडजोड होऊन बनलेल्या असतात. आणि पावलं थांबली की गवत लगेच परत येतं. एका पावसाळ्यात पुलाचं काम निघालं म्हणून या बाजूने जाणं बंद होतं, नंतर आलो तर वाट जवळजवळ बुजलेली. पहिले काही दिवस आम्हीच सगळे नेहमीचे लोक गुडघाभर गवतातून अंदाजाने जात होतो आणि एकमेकांकडे बघून हसत होतो.

आता सरळ पुढे जाण्याबद्दल. आपल्याला वाटतं की आपण सरळ चालू शकतो, फक्त ठरवायचा अवकाश. २००९ मधे जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना एका मोठ्या सपाट जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात सोडून सांगितलं की सरळ एका दिशेने चालत राहा. अंगावर जीपीएस. सूर्य दिसत होता तेव्हा लोक बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरलं होतं तेव्हा मात्र गोल गोल फिरले, आपलीच वाट पुन्हा ओलांडली आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. डोळे बांधून चालवलं तेव्हा तर काही जण वीस मीटरपेक्षा कमी व्यासाच्या वर्तुळातच फिरत राहिले. एक पाय आखूड असतो म्हणून असं होतं अशी जुनी समजूत आहे, तीही टिकली नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडे वळायचा, कधी उजवीकडे. कारण साधं आहे, सरळ म्हणजे कुठे ही आतली जाणीव प्रत्येक पावलाला किंचित चुकते आणि त्या चुका साठत जातात. बाहेरचं काही तरी, सूर्य, डोंगर, मनोरा, दिसत असेल तरच ती सुधारते.

मला यातलं सगळ्यात खरं वाटलं ते हे, की गोल फिरणाऱ्यांना खात्री होती की आपण सरळ चाललोय. आपल्यातले कितीतरी लोक, मी धरून, नोकऱ्या बदलतात, घरं बदलतात, शहरं बदलतात, आणि दर वेळी पुढे गेलो म्हणतात, आणि तेच भांडण तिसऱ्या घरातही तसंच उभं राहतं. त्यापेक्षा आपण फेरीच मारतोय हे माहीत असलेली फेरी बरी नाही का? पुलाच्या कठड्याला हात लावून परत फिरताना निदान मला माहीत असतं की मी परत फिरतेय. कालच्यापेक्षा आज दम जास्त लागला हे कळतं, झाडाला यंदा उशिरा पालवी फुटली हे कळतं, मनात गेल्या आठवड्यापासून एकच गोष्ट घोळतेय हेसुद्धा त्याच उतारावर कळतं, कारण बाकी सगळं तसंच असतं आणि जे वेगळं आहे ते उठून दिसतं. बदल मोजायला काही तरी न बदलणारं लागतं. नवीन जागी रोज सगळंच नवीन, मग बदललं काय, जागा की मी, हे कसं सांगणार? प्रवासाला माझा विरोध नाही, तिकीट कोणी काढून दिलं तर मी आजही निघेन. पण कुठेच पोचले नाही ही बोच आता राहिली नाही, कारण पोचायचं होतं हेच मुळात कोणी ठरवलं होतं ते मला आठवत नाही.

तान्ह्या मुलांनी तर ते नक्कीच ठरवलेलं नसतं. कॅरन अडॉल्फ नावाच्या संशोधक मुलं चालायला कशी शिकतात हे वर्षानुवर्षं बघत आल्यात. २०१२ मधे त्यांच्या गटाने मोजलं की बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं मोकळी सोडली की तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि सतरा वेळा पडतात. पुढे त्यांनी हेही बघितलं की ही मुलं चालतात तरी कशासाठी. खेळण्यांनी भरलेली खोली आणि एकदम रिकामी खोली, दोन्हीत मुलं सारखीच चालली. खेळण्यांकडे जायचं म्हणून चालतात असं काही दिसलं नाही. बऱ्याचदा तर ती अशा जागी थांबायची जिथे काहीच नव्हतं.

आमच्या वाटेवर सध्या असाच एक नवीन चालायला लागलेला मुलगा येतो, आईबरोबर. चार पावलं टाकतो, बुडावर आपटतो, उठतो, जिथे काहीही नाही अशा जागी जाऊन उभा राहतो, आणि मग उलट्या दिशेने निघतो. आई म्हणते, अरे कुठे चाललास, तर तो हसतो आणि जोरात निघतो. परवा बाबा त्याच्याकडे बघत होते. मग मला म्हणाले, तू जा पुढे तुझ्या स्पीडने, मला आता माझ्या जोडीचा मिळालाय, आणि गेले त्याच्या मागे. तो पडला की हे थांबतात, हे थांबले की तोही थांबतो. मी पूल गाठून परत आले तोवर दोघं मिळून झाडापर्यंतसुद्धा पोचले नव्हते आणि दोघांपैकी कोणालाही घाई नव्हती.